विश्लेषण : प्रार्थनेतला आनंद येतो कुठून? नगरची ख्रिस्ती परंपरा काय सांगते?

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या चर्चवरून रविवारी सकाळी जाताना आतून पेटी, तबला आणि झांजांचा आवाज येतो. चाल ओळखीची वाटते, कारण ती अभंगाची असते. गाणारे मात्र येशू ख्रिस्ताचे नाव घेत असतात. अनेक भाविकांसाठी आठवड्यातला हा सर्वांत आनंदाचा तास असतो. अडचण सुरू होते ती सोमवारी. घरी एकट्याने डोळे मिटले की शब्द सुचत नाहीत, मन कामाकडे धावते आणि ‘माझाच विश्वास कमी पडतोय’ अशी टोचणी लागते. प्रार्थना कोरडी का होते आणि तिच्यातला आनंद पुन्हा कसा सापडतो, हा प्रश्न नवा नाही. नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मातीत जवळपास दोन शतकांत घडलेल्या ख्रिस्ती परंपरेत त्याचे उत्तर शोधता येते.

ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे नेमके काय?

प्रार्थना म्हणजे देवाकडे काहीतरी मागणे, असा सर्वसाधारण समज असतो. ख्रिस्ती शिकवणुकीत मागणे हा प्रार्थनेचा केवळ एक भाग आहे. देवाची स्तुती, आपल्या चुकांची कबुली, मिळालेल्या गोष्टींबद्दल उपकारस्तुती, दुसऱ्यांसाठी मध्यस्थी आणि मग स्वतःची विनंती, असे तिचे घटक मानले जातात. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. ती अर्ध्या मिनिटात म्हणून होते. तिच्यात ‘मी’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. भाकर मागायची तीही आम्हा सर्वांसाठी, आणि क्षमा मागायची तीही स्वतः इतरांना क्षमा करण्याच्या तयारीने.

म्हणजे एकांतात केलेली प्रार्थनाही एका अर्थाने सामुदायिकच असते. येशूने खोलीचे दार लावून, कोणाला न दाखवता प्रार्थना करायला सांगितले आणि लांबलचक शब्दांचा सोस धरू नका असेही बजावले. प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्यांची निम्मी काळजी इथेच मिटायला हवी. चांगले बोलता येणे ही प्रार्थनेची अट कधीच नव्हती.

बायबलमधला आनंद म्हणजे मन प्रसन्न असणे का?

संत पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हे पत्र त्याने कैदेतून लिहिले. थेस्सलनीकाकरांनाही तो नेहमी आनंदी राहण्याचा, प्रार्थना न सोडण्याचा आणि सर्व परिस्थितीत आभार मानण्याचा सल्ला एका दमात देतो. आनंद, प्रार्थना आणि कृतज्ञता या तीन गोष्टी तो वेगळ्या करत नाही. परिस्थिती बरी आहे म्हणून मनात उठणारी लहर त्याला अभिप्रेत नाही. आपण कोणाच्या तरी हातात आहोत, या भरवशाला तो आनंद म्हणतो.

दुष्काळी भागातल्या वाचकाला हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक अधिक जवळचे वाटेल. झाडाला फळ नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, असा पुरता हिशेब मांडून हा संदेष्टा तरीही देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला या यादीतली एकही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तो नुकसान लपवत नाही, एकेक गोष्ट मोजतो आणि त्यानंतरच आनंदाची गोष्ट काढतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नगरमध्ये ही परंपरा कशी रुजली?

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरला आपले ठाणे उघडले. शाळा, दवाखाने आणि छापील मजकूर यांबरोबर उपासनेची नवी पद्धत आली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरात सुरू झाले. सुरुवातीची अनेक गीते मात्र पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी असले, तरी वळण परके होते. जात्यावरच्या ओव्या आणि रात्रीचे भजन ऐकत वाढलेल्या माणसाला अशा गाण्यात रमणे सोपे नव्हते.

हे अंतर मिटवण्याचे काम कीर्तनाने केले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये भजन, साथीला टाळ आणि तबला, असा सगळा साज मराठी कीर्तनाचा आणि आख्यान बायबलमधले. गावच्या चावडीसमोर किंवा पारावर बसून तासन् तास ऐकता येईल अशी ही उपासना होती. मराठी रूपाचा हा आग्रह त्याहूनही जुना आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्धच होते. नगरकरांनी तोच धागा लोकगायनात आणला.

ना. वा. टिळकांनी काय बदलले?

कोकणातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची सुमारे दोन दशके त्यांचे काम प्रामुख्याने नगर जिल्ह्यात झाले. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी शिकवले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही केले.

मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. याचा प्रार्थनेशी थेट संबंध आहे. तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात आणि त्याच्याच पायाशी बसतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतही हेच दिसते. तिच्या १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग तक्रारीचा आणि विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्रात देवाने आपल्याला विसरल्याचे गाऱ्हाणे सुरुवातीला येते आणि शेवट गाण्याने होतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थना म्हणून ग्रंथात ठेवले गेले. टिळकांना ही दोन्ही घराणी ठाऊक होती. त्यामुळे त्यांच्या भक्तिगीतांत देवाशी सलगी आहे. आईला हाक मारावी तसे ते देवाला हाक मारतात.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्वच ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याची त्यामागची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नाव आणि मान मिळाल्यानंतर, या माणसाला आपले धार्मिक जीवन पुन्हा नव्याने मांडावेसे वाटले. प्रार्थनाजीवन एकदा कमावले की कायमचे झाले, असे नसते हाच त्याचा अर्थ.

लक्ष्मीबाईंचा मार्ग वेगळा कसा?

टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंसाठी वज्राघातासारखी होती. काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. पुढे त्या मुलाला घेऊन नगरला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे-ओवळे सुटलेले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा काळ कोणताही आव न आणता सांगितला आहे. राहुरीच्या मुक्कामात विचार करता करता, जातीच्या भिंती देवाने घातलेल्या नाहीत, हे त्यांच्या मनाने घेतले. खाण्यापिण्यातला विटाळ सुटला आणि त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यांच्या कहाणीत चमत्कार फारसे नाहीत. आहेत ती दारिद्र्याची ओढाताण, नवऱ्याचा तापट आणि उधळा स्वभाव, घरी येऊन राहणारी परकी मुले आणि या सगळ्यावर मात करणारा विनोद. त्यांचा विश्वास स्वयंपाकघरात आणि माणसांच्या राबत्यात वाढला. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. त्याची बहुसंख्य प्रकरणे नंतर लक्ष्मीबाईंनी लिहिली. औपचारिक शिक्षण जवळपास नसलेल्या बाईने हे केले. ध्यानाला वेगळी खोली आणि निवांत वेळ मिळाल्याशिवाय प्रार्थना होत नाही, असे मानणाऱ्यांनी लक्ष्मीबाईंना जरूर वाचावे.

धर्म आहे, पण आनंद नाही, असे होते का?

होते, आणि ते उघडपणे सांगणारे मोठे नाव म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची कर्मभूमी शेजारच्या पुणे जिल्ह्यातले केडगाव (दौंड तालुक्यातले, नगर शहरालगतचे नव्हे). १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने नोंदवले आहे. तोवर त्या विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या आणि देशभर त्यांचे नाव होते. कामात खोट नव्हती, तरी आत पोकळी होती. आपल्या धडपडीने देवाला खूश करायचे नसून त्याची क्षमा नुसती स्वीकारायची आहे, हे उमगल्यावर आपले मन निवांत झाले, असे त्या सांगतात.

१९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक ‘जागरण’ झाले. त्याआधी काही महिने मुलींचे गट रोज जमून प्रार्थना करत होते. जागरणात मुली मोठ्याने रडल्या, चुका कबूल केल्या, मग गायल्या. ही बातमी जगभर पोहोचली. रमाबाईंचे मोठेपण मात्र पुढच्या वर्षांत दिसते. भावनेचा पूर ओसरल्यावरही शाळा, शेती आणि छापखाना चालूच राहिला आणि त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. उत्कट अनुभव येतात आणि जातात. त्यांच्या मागे आणि पुढे जो नेम असतो, त्यावर प्रार्थनाजीवन उभे राहते.

हरेगावच्या यात्रेत लोक काय शोधतात?

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये, पवित्र मरियेच्या ८ सप्टेंबरच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, मतमाउलीची यात्रा भरते. सात दशकांहून अधिक काळ चालत आलेल्या या यात्रेला नगर, मराठवाडा, पुणे, मुंबई अशा ठिकाणांहून लोक येतात आणि त्यांत इतर धर्मीयही असतात. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात हा भाग येतो. यात्रेआधी नऊ दिवसांची नोव्हेना असते. त्याशिवाय जपमाळ, मिस्सा, पापनिवेदन, मेणबत्त्या आणि नवस असा सारा भक्तीचा मेळा असतो.

मरियेची पूजा करत नाही, तिने आपल्यासाठी देवाकडे मध्यस्थी करावी अशी विनंती करतो, असे कॅथलिक भाविक सांगतात. प्रोटेस्टंट मंडळींना ही रीत मान्य नाही. पण प्रार्थनेच्या दृष्टीने यात्रेतून शिकण्यासारखे बरेच आहे. जपमाळेत शब्द शोधावे लागत नाहीत. मन थकलेले असताना बोटे मण्यांवर फिरतात आणि पाठ असलेले शब्द भक्ताला पुढे नेतात. आजारी मुलाला घेऊन आलेल्या आईशेजारी तसेच दुःख घेऊन आलेली दुसरी आई बसलेली असते. मागितलेले मिळेलच असे नाही, पण आपण एकटे नाही, हे घरी परतताना नक्की कळलेले असते. वारीला जाणाऱ्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

घरच्या घरी नेम कसा लावता येईल?

या परंपरेतून काही साध्या गोष्टी हाती लागतात. पहिली, सुरुवात गाण्याने करावी. बोलायला शब्द नसतात, तेव्हा पाठ असलेले भजन मन जागे करते. आवाज चांगला असण्याची गरज नाही. दुसरी, रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. या गतीने पाच महिन्यांत संपूर्ण स्तोत्रसंहिता वाचून होते आणि राग, भीती, पश्चात्ताप, आनंद अशा प्रत्येक अवस्थेसाठी तयार शब्द मिळतात.

तिसरी, वेळ थोडा पण ठरलेला असावा. पहाटे धारा काढण्याआधीची दहा मिनिटे रोज पाळली गेली, तर आठवड्यातून एकदा उत्साहाने बसलेल्या दोन तासांपेक्षा ती अधिक उपयोगी पडतात. रात्रीच्या पाळीने पिकाला पाणी देणाऱ्याला किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला घड्याळ पाळता येत नाही. त्यांनी वेळेऐवजी एखाद्या कामाला प्रार्थना जोडावी. चूल पेटवताना, मोटार सुरू करून बांधावर बसताना, मुलांना शाळेत पाठवताना, असे रोजचे प्रसंग त्यासाठी पुरेसे आहेत.

चौथी, दुसऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. ‘सर्वांचे भले कर’ म्हणणे सोपे असते. भांडण झालेल्या भावकीतल्या माणसाचे नाव घेणे अवघड जाते आणि मन नेमके तिथेच बदलू लागते. पाचवी, एक वही ठेवावी. एका पानावर विनंत्या आणि समोरच्या पानावर आभार लिहावेत. वर्षाने ती वही वाचली की विसरलेल्या कितीतरी गोष्टी दिसतात. पौलाने आनंद आणि आभार यांची जोडी का घातली, तेही उमगते. आणि सहावी, निदान एका माणसाबरोबर प्रार्थना करावी. जुन्या ख्रिस्ती घरांत रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर कौटुंबिक उपासना होत असे. मोबाइलवर आलेला वचनाचा संदेश पुढे पाठवणे हा तिला पर्याय होऊ शकत नाही.

आनंद वाटत नसेल तर विश्वास कमी आहे का?

हा समज सर्वांत घातक आहे. ‘खरा विश्वास असेल तर दुःख राहणारच नाही’ असे सभांमधून सांगितले जाते, तेव्हा आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचे आणखी एक ओझे येते. येशू मित्राच्या कबरीपाशी रडला आणि गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करत राहिला, असे शुभवर्तमाने सांगतात. तो प्याला टळावा ही त्याची विनंती मान्य झाली नाही. अश्रू हे अविश्वासाचे लक्षण असते, तर या नोंदी ग्रंथात राहिल्याच नसत्या.

आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. औषध घेणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे. नगर जिल्ह्यात मिशनने चर्चच्या जोडीला दवाखाने उभारले, ते हीच समज बाळगून. पाळक, फादर किंवा घरातल्या जाणत्यांनीही अशा माणसाला उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ बसावे आणि त्याचे ऐकावे.

टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई या तिघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर होते. तिघांनाही प्रार्थनेतला आनंद वेगळ्या वेळी आणि वेगळ्या वाटेने मिळाला. तिघांत समान आहे ते एवढेच, की मनात होते ते त्यांनी देवापुढे आपल्या भाषेत, न सजवता मांडले आणि बरे वाटत नसलेल्या दिवसांतही मांडायचे थांबवले नाही. रविवारच्या झांजांचा आवाज सोमवारच्या चुलीपर्यंत पोहोचवायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागते. आज मनात जे आहे, मग ती तक्रार का असेना, तेच पहिले वाक्य म्हणून बोलावे.